ताज्या टोमॅटोचा घरचा स्पॅगेटी सॉस: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट लागला की नाशिकच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात, एक गणपतीच्या सजावटीचं सामान आणि दुसरी टोमॅटोची जाळी, म्हणजे प्लास्टिकचा क्रेट. जाळी बहुतेक माझीच असते. मग लिफ्टमधलं कुणीतरी विचारतं, "काकू, एवढ्या टोमॅटोचं काय करणार?" आणि मी सॉस म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. भिशीत तेच, नणंदेच्या फोनवर तेच, मुलीच्या मैत्रिणींचं तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, जसं आठवेल तसं.

स्पॅगेटी सॉस म्हणजे शेवटी केचपच ना?

नाही हो. केचपमध्ये व्हिनेगर आणि साखर भरपूर असते, ते तोंडी लावायला. स्पॅगेटीचा सॉस म्हणजे टोमॅटो, तेल, लसूण, कांदा, मीठ आणि थोडा पाला, बस. आपल्या भाषेत सांगायचं तर केचप ही चटणी आणि हा रस्सा. आणि प्युरी म्हणजे नुसता गाळलेला गर, त्यात फोडणीबिडणी काही नाही.

टोमॅटो कुठले घ्यायचे? बाजारात तर एकाच जातीचे दिसतात.

एकाच जातीचे नाही दिसत, आपण बघत नाही. ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवा. एक तो लांबट, अंडाकृती, जाड सालीचा हायब्रीड, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला गाड्याच्या गाड्या भरून जातो तो. त्याचं साल मुद्दाम कडक असतं कारण त्याला ट्रकमध्ये बसून लांब जायचं असतं. दुसरा गोल, पातळ सालीचा, चिरला की ओट्यावर रस पसरतो तो, आंबट. सारासाठी हा गोल एक नंबर, पण सॉसला लांबट घ्या कारण त्यात गर जास्त, पाणी आणि बिया कमी. इटलीत सॉससाठी ज्याचं नाव निघतं तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातला सान मार्झानो, तोही लांबटच. मी चार लांबटला एक गोल असं मिसळते, नुसत्या लांबटचा सॉस मला जरा मुका लागतो.

कुठून आणायचे, तर सीझन आपल्याकडे साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. दिंडोरी, निफाड, चांदवड, गिरणारे या पट्ट्यात कुणी ओळखीचं असेल तर सरळ त्यांना सांगा की मला पूर्ण लाल, झाडावर पिकलेला पाहिजे. हे सांगावं लागतं. कारण मार्केटला जाणारा माल थोडा कच्चा असतानाच खुडतात, नाहीतर पोचेपर्यंत चिखल. झाडावरच लाल झालेला माल लांब पाठवता येत नाही, त्यामुळे तो बऱ्याचदा तिथेच राहतो किंवा बदला, म्हणजे निवडून बाजूला काढलेला माल, म्हणून स्वस्तात जातो, आणि सॉसला नेमका तोच हवा असतो! बदला घ्यायला लाजू नका. वाकडा, लहान, डाग असलेला चालतो. फुटून पाणी सुटलेला, बुरशीचा पांढरा पट्टा असलेला मात्र नाही, "तेवढा भाग कापून घेऊ" असंही नाही.

ओळख नसेल तर बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जा, पण संध्याकाळी उशिरा, उरलेला पिका माल ते देऊन टाकायच्या बेतात असतात. फक्त पिशवीत दाबून आणू नका. मी एकदा स्कूटीच्या पुढच्या जागेत पंधरा किलो आणले, रविवार कारंज्याच्या सिग्नलला ब्रेक मारला आणि घरी येईपर्यंत सॉस अर्धा तयार होता, माझ्या चपलांवर.

आणले पण निम्मे कच्चे निघाले.

वर्तमानपत्रावर एकेरी थरात पसरून ठेवा, देठाची बाजू खाली. तीन-चार दिवसात लाल होतात. फ्रीजमध्ये टाकू नका, गारठ्यात टोमॅटोचा वास मरतो आणि तो नंतर परत येत नाही.

किती टोमॅटोचा किती सॉस होतो?

इथे सगळ्यांचा हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगते. टोमॅटोत जवळजवळ ९४-९५ टक्के पाणी असतं. एक लिटर घट्ट सॉसला तीन किलो टोमॅटो धरा, पातळसर चालत असेल तर सव्वादोन-अडीच किलो. म्हणजे वीस किलोच्या एका जाळीचा साधारण साडेसहा लिटर घट्ट सॉस. अर्धा किलोच्या स्पॅगेटीच्या पाकिटाला, म्हणजे पाच जणांना, अर्धा ते पाऊण लिटर लागतो. पहिल्यांदा करताय तर तीन किलोच घ्या. पहिल्याच वर्षी जाळी उचलणारे लोक दुसऱ्या वर्षी करत नाहीत.

सालं आणि बिया काढायच्या का? उकळत्या पाण्यात टाकून सोलत बसायला वेळ नाही.

नका सोलू. टोमॅटोच्या बुडाला फुलीचा छेद, अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग सोला, ही पद्धत बरोबर आहे पण ती अर्ध्या-एक किलोला. तीन किलोच्या पुढे गेलात की तुमच्या माळ्यावर एक वस्तू आहे, होळीला खाली येते आणि पुढच्या पुरणपोळीपर्यंत परत वर जाते. पुरणयंत्र. इटलीतल्या बायका सॉस गाळायला जे हाताने फिरवायचं चाळणीचं भांडं वापरतात ते आणि आपलं पुरणयंत्र ही सख्खी भावंडं आहेत. बारीक भोकांची जाळी लावायची, शिजलेले टोमॅटो घालायचे, फिरवायचं. गर खाली, सालं वर. थोड्या बिया सुटतात जाळीतून, सुटू द्या.

मला हे सुचलं नव्हतं, सासूबाईंना सुचलं. मी तीन वर्षं चाळणीवर वाटीच्या बुडाने घासत बसायचे, आणि त्या शेजारी बसून भाजी निवडायच्या. एक दिवस उठल्या, काही न बोलता स्टूल घेतलं, माळ्यावरून यंत्र काढलं, धुतलं, माझ्यापुढे ठेवलं आणि परत जाऊन गवार मोडायला लागल्या.

मिक्सरमधून काढलं तर?

काढता येतं, पण दोन गोष्टी होतात. बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो, आणि हवा भरून सॉसचा रंग लालचा गुलाबी-केशरी होतो, हॉटेलच्या ग्रेव्हीसारखा. मिक्सरच वापरायचा असेल तर आधी शिजवा, गार करा, सेकंदा-दोन सेकंदाचे झटके द्या आणि मग गाळा. कच्चे टोमॅटो फिरवून मग शिजवायला ठेवू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

एकदा नीट कृती सांग ना.

सांगते, तीन किलोची.

टोमॅटो धुवून, देठाचा कडक भाग काढून चार-चार फोडी करा. रुंद तोंडाचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं चांगलं तापवा, त्यात आधी फक्त सात-आठ टोमॅटोच्या फोडी टाका आणि पावभाजीच्या मॅशरने ठेचा म्हणजे रस सुटतो. तो खळाखळा उकळायला लागला की पुढच्या फोडी, परत उकळी, परत पुढच्या, असं थोडं थोडं घालत जायचं, उकळी मोडू द्यायची नाही. पाणी एक थेंब घालायचं नाही. सगळं आत गेलं की झाकण न ठेवता वीस मिनिटं. मग पुरणयंत्र.

आता दुसऱ्या पातेल्यात, किंवा तेच धुवून, चार मोठे चमचे तेल, दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून. कांदा मंद आचेवर दहा मिनिटं, लाल करायचा नाही, काचेसारखा करायचा. मग आठ-दहा लसूण पाकळ्या चिरून, ठेचून नाही, अर्धा-एक मिनिट. लसूण लाल झाला तर सगळा सॉस कडू, तेव्हा या मिनिटाला फोन उचलू नका. मग गाळलेला गर, दोन लहान चमचे मीठ (आधी दीडच घाला, आटल्यावर खारटपणा वाढतो), आणि मंद ते मध्यम आचेवर एक-सव्वा तास. अधूनमधून उलथन्याने बुड खरवडत राहा. शेवटची वीस मिनिटं हलवणं सोडूच नका कारण घट्ट झाल्यावर तो पिठल्यासारखा उडतो, मी पातेल्यावर तेल उडू नये म्हणून मिळते ती तारेची जाळी ठेवते. झाकण नाही, झाकणाखाली वाफ परत पाणी होऊन आत पडते आणि आपण तासभर कशासाठी उभं राहतोय मग.

झाला कधी समजायचा? बशीत चमचाभर टाका. कडेने पाण्याची कड सुटली तर नाही झाला. पातेल्याच्या बुडाला उलथन्याने रेघ ओढा, रेघ क्षणभर तशीच राहिली तर झाला. गॅस बंद करून मग बेसिलची पानं हाताने तोडून टाका, मिरपूड, आणि वाटलं तर चमचाभर ऑलिव्ह ऑइल वरून.

माझा सॉस कितीही आटवला तरी ताटात पाणी सुटतं. काय चुकतं?

टोमॅटो चिरून किंवा वाटून बराच वेळ तसेच ठेवले असतील. टोमॅटोत पेक्टिन असतं, जामला घट्टपणा आणतं तेच. आणि टोमॅटोतच ते पेक्टिन तोडणारी एन्झाइम्सही असतात. टोमॅटो अख्खा असतो तोवर ती गप्प असतात, कापला किंवा ठेचला की कामाला लागतात, आणि चांगली कडक उष्णता मिळाली की मरतात. म्हणजे तुम्ही सकाळी सगळे चिरून ठेवले, मग मुलांचे डबे केले, मग अकरा वाजता गॅसवर ठेवले, तर तोवर पेक्टिनचा फडशा पडलेला असतो आणि नंतर पाणी वेगळं, चोथा वेगळा. म्हणून ती थोडं-थोडं-उकळत्यात-टाकायची पद्धत. कारखान्यातही गर घट्ट हवा असेल तर टोमॅटो ठेचताक्षणी जोरात तापवतात, कारण तेच.

दुसरं कारण सोपं आहे, तुम्ही घाई करताय. सॉस म्हणजे टोमॅटोतलं पाणी घालवणं, बाकी मसाला वगैरे नंतरच्या गोष्टी. पातेलं जितकं पसरट तितकी वाफ लवकर, उंच डब्यासारख्या पातेल्यात तीन तास लागतील.

कॉर्नफ्लॉवर लावलं तर चालेल?

चायनीज करायचंय का?

कुकरमध्ये पटकन होत नाही का?

मऊ पटकन होतात, घट्ट नाही. कुकरचं कामच वाफ आत ठेवायचं आहे. गॅस वाचवायचा असेल तर फोडी पाणी न घालता कुकरला एक शिट्टी करून घ्या, पुरणयंत्रातून काढा आणि आटवणं उघड्या पातेल्यात करा. माझी मुलगी ओव्हनमध्ये करते, टोमॅटो अर्धे कापून, तेल-मीठ लावून, १८० डिग्रीला तासभर, कडा जरा करपेपर्यंत. चव सुंदर येते, मला मान्य आहे, पण एका ट्रेमध्ये दीड किलो मावतात आणि जाळीभर टोमॅटोला ते पुरे पडत नाही.

खूप आंबट झालाय!

आधी थांबा. तासभर आटल्यावरची चव आणि दहाव्या मिनिटाची चव यात फार फरक असतो. तरीही आंबट असेल तर लिटरला एक चमचा साखर. पुढच्या वेळी कांद्याबरोबर एक गाजर किसून परता, गोडवा जास्त चांगला येतो आणि कुणाला कळत नाही. साखरेने आंबटपणा झाकला जातो, आम्ल कमी होत नाही. खरंच कमी करायचं असेल तर चिमूटभर खायचा सोडा, फेस येईल, बसेल. पण चिमूटच, जास्त झाला की साबणाची चव लागते आणि त्यावर उपाय नाही. गूळ घालू नका, रंग काळपट होतो आणि सॉसची आमटी होते. (आमच्याकडे एकाने घातला होता. नाव घेत नाही, माझ्याच नवऱ्याने.)

भांडं कुठलं? माझ्याकडे भांडी बाजारातून घेतलेलं पितळी पातेलं आहे, मोठं, छान जाड.

कल्हई आहे का त्याला? ताजी, आतून सगळीकडे चकचकीत? असेल तरी मी तीन तास टोमॅटो त्यात ठेवणार नाही, आणि नसेल तर अजिबातच नाही. टोमॅटोचं आम्ल तांबं-पितळ खातं आणि ते सॉसमध्ये उतरतं, पोटाला त्रास होतो. साध्या ॲल्युमिनियममध्ये धातूची चव येते. लोखंडी कढईत सॉस काळा पडतो. स्टील घ्या, बुड जाड बघून. पितळी पातेलं दिवाळीला चिवड्यासाठी काढा, हौस फिटेल.

बेसिल मिळत नाही. तुळस चालेल का?

नाही चालत. दोघी एकाच घराण्यातल्या पण स्वभाव वेगळा, आपल्या तुळशीला लवंगेसारखा तिखट वास, सॉसमध्ये काढ्याची आठवण येते. शिवाय वृंदावनातली तुळस तोडून स्पॅगेटीत घालायची माझी तरी हिंमत नाही, सासूबाई घरात असताना तर नाहीच.

पण एक गंमत आहे. फालुद्यात घालतो तो सब्जा, ते बेसिलच्याच जातीचं बी आहे. किराणा दुकानातला सब्जा कुंडीत पेरा, आठवड्याभरात उगवतो. त्याची पानं इटालियन बेसिलइतकी मोठी आणि गोड नसतात, जरा बडीशेपेच्या अंगाने जातात, पण सॉसला मस्त लागतात. फुलोरा येऊ लागला की शेंडे खुडत राहा, नाहीतर पानं कमी होतात. माझ्या गॅलरीत तीन कुंड्या आहेत, पावसाळ्यात तर जंगल होतं. पानं कायम गॅस बंद केल्यावर घाला, उकळलं की वास गेला.

ओरिगॅनोऐवजी ओवा?

ओव्याचे दाणे नको, ते पोटदुखीवरच बरे. पत्ता ओवा, म्हणजे जाड लुसलुशीत केसाळ पानं ज्याची आपण भजी करतो, त्याचं एखादं पान बारीक चिरून घातलं तर ओरिगॅनोच्या जवळ जातं. एकच पान. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठल्या असतील तर त्या वापरा की, तेवढ्यासाठीच आपण त्या जपून ठेवतो ना.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण नाही, आणि टोमॅटोचा सीझन नेमका तेव्हाच!

हो ना, दरवर्षीचं दुखणं आहे. माझं असं आहे की मी मोठा घाणा कांदा-लसूण न घालताच काढते, तेल आणि मीठ, बस. गोठवून ठेवते. खायच्या वेळी ज्याला हवं त्याने लसणाची फोडणी करून त्यात तो घालावा. शेजारच्या जैन कुटुंबाला डबा द्यायचा असतो तेव्हा गाजरही नाही घालत, त्याऐवजी लाल ढोबळी मिरची गॅसवर भाजून, सोलून, वाटून घालते, गोडवा त्यातून येतो. तेलात किंचित हिंग चालतो.

बाकीच्यांसाठी, कांदा उन्हाळ घ्या. लासलगावच्या इतक्या जवळ राहून कुठलाही कांदा चालेल म्हणू नये, पावसाळी लाल कांद्यात पाणी जास्त आणि तो परतायला वेळ खातो.

ऑलिव्ह ऑइलच पाहिजे का? केवढं महाग आहे.

शिजवायला सूर्यफुलाचं वापरा, शेवटी वरून चमचाभर ऑलिव्ह. वास त्या शेवटच्या चमच्याचाच येतो. शेंगदाणा तेलाला स्वतःचा वास असतो, घाण्याचं असेल तर फारच. मात्र तेल अजिबात न घालता करू नका, टोमॅटोचा लाल रंग ज्याने येतो ते लायकोपीन तेलात विरघळतं आणि तेलासोबत शिजवल्यावर अंगाला जास्त लागतं.

नाशिकमध्ये राहून वाइन नाही घालायची?

घाला की. कांदा-लसूण परतून झाला की अर्धी वाटी रेड वाइन टाका, मोठ्या आचेवर जवळजवळ कोरडी होऊ द्या, मग गर. नवीन बाटली उघडायची गरज नाही, पाहुणे येऊन गेल्यावर तळाशी उरते तेवढी पुरते, फक्त गोड नको. आणि अल्कोहोल पूर्ण उडून जातं असं लोक छातीठोकपणे सांगतात ते खरं नाही, थोडं राहतं. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांच्या ताटात न सांगता वाढू नका. मी तर बहुतेक वेळा घालतच नाही, चांगल्या पिक्या टोमॅटोला ती लागत नाही.

बाटलीत भरून वर्षभर बाहेर ठेवता येईल का? लोणचं राहतं तसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून सगळे माझ्यावर नाराज होतात. नाही.

पहिल्या वर्षी मी हेच केलं. जुन्या लोणच्याच्या बरण्या गरम पाण्याने धुतल्या, गरम सॉस भरला, झाकणं घट्ट लावली, फडताळात रांगेत लावून ठेवल्या, फोटोसुद्धा काढला. नवव्या दिवशी दुपारी फट्ट असा आवाज आला, मला वाटलं वर कुणीतरी काही पाडलं. झाकण उडालं होतं आणि सॉस आतल्या भिंतीवर, रव्याच्या डब्यावर, आणि गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीवर. आंबलेला वास आठवडाभर गेला नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं पण आता वाटतं बरं झालं उडालं, निदान कळलं तरी. कारण खरा धोका आहे तो कळतच नाही.

बॉट्युलिझम नावाची विषबाधा असते. तिचे जंतू मातीत सगळीकडे असतात, त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, आणि हवा नसलेली, कमी आंबट, कोमट जागा मिळाली की ते विष तयार करतात. बंद बाटली म्हणजे अगदी तीच जागा. वास नाही, फेस नाही, चव बदलली नाही तरी विष असू शकतं. आता आंबटपणा मोजतात पीएचमध्ये, आकडा जितका लहान तितका पदार्थ जास्त आंबट; सुरक्षित रेषा ४.६ धरतात, त्याच्या खाली असेल तर हे जंतू वाढत नाहीत. टोमॅटो नेमका त्या रेषेवर बसलेला, साधारण ४.३ ते ४.९ मध्ये, आणि जितका जास्त पिकलेला तितका कमी आंबट. त्यात आपण कांदा, लसूण, गाजर घालतो, ते सगळे कमी आंबट. म्हणजे रेषा ओलांडली. लोणच्यात भरपूर मीठ असतं, आंबटपणा असतो, म्हणून ते टिकतं. सॉसमध्ये यातलं काही पुरेसं नाही.

परदेशात कांदा-लसूण घातलेला सॉस बाटलीबंद करायला वेगळं प्रेशर कॅनर नावाचं यंत्र वापरतात. आपला कुकर म्हणजे ते नाही, आणि "मी कुकरमध्ये तीन शिट्ट्या करते" हेही ते नाही.

ज्यांना बाटलीच पाहिजे त्यांनी नुसता टोमॅटोचा गर भरावा, कांदा-लसूण-तेल-पाला काही नाही. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत पाव लहान चमचा लिंबूसत्व, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड, घालायचंच. मग खास त्यासाठीची काचेची बरणी आणि नवं झाकण लावून, बरणी पूर्ण बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटं. समुद्रसपाटीला ३५ सांगतात पण नाशिक साधारण ५८०-६०० मीटर उंचावर आहे, इथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त. घरच्या लिंबाचा रस नको कारण एक लिंबू दुसऱ्याइतकं आंबट नसतं. एवढं सगळं जमत नसेल तर फ्रीझर.

मग फ्रीझरमध्ये कसा ठेवायचा? जागाच नाही.

आडव्या पिशव्या. झिपच्या जाड पिशवीत एका जेवणापुरता, साधारण अर्धा लिटर, पूर्ण गार करून भरायचा, हवा काढायची, ताटावर चपटी करून गोठवायची आणि कडक झाली की पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. माझ्या साध्या दोन दरवाजांच्या फ्रीजमध्ये मटार आणि नारळ सांभाळून बारा पिशव्या बसतात. तीन-चार महिने चव चांगली राहते. काचेच्या बरणीत ठेवलात तर वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना फुगतो आणि काच तडकते. लहान मुलं असतील तर थोडा बर्फाच्या ट्रेमध्ये, दोन तुकडे एका वाटीला पुरतात.

गोठवल्याशिवाय नुसत्या फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. ओट्यावर रात्रभर राहिलेला पातेलंभर सॉस सकाळी "उकळून घेते" म्हणू नका, टाका. माहितेय, जीवावर येतं.

स्पॅगेटी चिकट होते.

पाणी कमी घेता. पाव किलोला अडीच लिटर तरी पाणी, लिटरला दहा ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे मीठ, खळखळ उकळल्यावरच स्पॅगेटी टाका आणि पहिली दोन मिनिटं हलवा. पाण्यात तेल घालू नका, शिजल्यावर नळाखाली धुऊ नका, सॉस धरत नाही मग. पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढा, अर्धी वाटी शिजवलेलं पाणी बाजूला ठेवा, आणि स्पॅगेटी सॉसच्या कढईत टाकून ते पाणी शिंपडत मिनिटभर एकत्र परता. सॉस वरून ओतायचा नसतो, आपण वरण-भात कालवतो तसं कालवून घ्यायचं असतं.

पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलंय ना ते बघून घ्या, मैद्याची लगदा होते. डुरम म्हणजे काही परका गहू नाही, आपला बन्सी गहू डुरमच, जुन्या बायका शेवयांना तोच मागायच्या.

खिमा घालून?

पाव किलो खिमा कांद्याबरोबर आधी चांगला तांबूस होईपर्यंत परता, मग अर्धा लिटर सॉस, थोडं दूध, मंद आचेवर दीड तास. गरम मसाला नको. इटलीत बोलोन्या गावात हा सॉस स्पॅगेटीवर नाही, रुंद पट्ट्यांच्या पास्त्यावर घालतात, पण त्यांना कोण सांगायला जातंय.

हे परवडतं का? विकतची बाटली स्वस्त नाही पडत?

वर्षावर आहे. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते, तेव्हा मी फ्रीझरमधली शेवटची पिशवी आमटीला चमचा-चमचा वापरली. आणि मधल्या एखाद्या सीझनला असा भाव पडतो की खुडणीची मजुरी निघत नाही म्हणून शेतकरी माल रस्त्यावर ओततात. भाव पडलेल्या आठवड्यात करा. आणि करताना त्या माणसाशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, एवढं माझं ऐका. विकतच्या बाटलीत तुम्हाला काय मिळतं ते मागचं लेबल वाचून बघा, मी त्यावर काही बोलत नाही.

उरलेली सालं आणि बिया?

पुरणयंत्रात वर राहिलेला चोथा टाकू नका. त्यात गरम पाणी घालून कोळा, गाळा, नारळाचं दूध, जिऱ्याची फोडणी, सार झालं संध्याकाळचं. मग राहिलेली सालं ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर दोन-तीन दिवस कडकडीत वाळवून मिक्सरला पूड करते, भाजीत आमचुराच्या जागी घालते.

आणि उरलेला सॉस?

उरत नाही. उरलाच तर तेलात काळा मसाला आणि लाल तिखट, त्यात सॉस, पाणी, उकळी आली की जाड तिखट शेव आणि लगेच भाकरी. नवरा म्हणतो दरवर्षी एवढा खटाटोप खरं तर या शेवभाजीसाठीच करत जा, स्पॅगेटी पोरांना दे.